दारातल्या स्पीकरला ट्वीटरची जोड देताना
गाडीच्या दारांतले कंपनीचे स्पीकर तसेच ठेवून नुसते ट्वीटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) वाढवायचे असतील, तर प्रत्येक ट्वीटरच्या वायरीत कपॅसिटर (खालचे सूर अडवणारा छोटा भाग) असलाच पाहिजे, कारण त्याच्याविना खालचे सूर थेट आत शिरतात आणि नाजूक कॉइल जळू शकते. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ४,००० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी करत नेतो, तर ४.७ मायक्रोफॅरडचा सुमारे ८,५०० हर्ट्झच्या खालचा. मूळ स्पीकरमधून गायकाचा आवाज स्पष्ट येत असेल, तर माझ्या मते ४.७ मायक्रोफॅरडचाच घ्यावा, नाहीतर ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागतात. ठाण्यात किंवा वाशीत, काम कुठेही करा, मूळ वायरी कापू न देता कपलर (मूळ प्लगमध्ये बसणारा जोड) लावून घ्यावा. पुढच्या खांबात कर्टन एअरबॅग (अपघातात खिडकीच्या बाजूने फुगणारी पिशवी) असल्यास तिथे छिद्र पाडू नये. आवाजाची पारख मात्र घोडबंदर रस्त्यावरच्या गोंगाटात नव्हे, गाडी शांत जागी उभी करून करावी.