नेहमीची उदासी आणि मेजर डिप्रेशन यांत नेमका फरक कसा ओळखावा?

हा फरक मुख्यतः कालावधी, लक्षणांची संख्या आणि रोजच्या व्यवहारांवर होणारा परिणाम यांवरून ओळखला जातो. डीएसएम-५ या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निदानपुस्तिकेनुसार मेजर डिप्रेशनमध्ये किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, ९ पैकी किमान ५ लक्षणे असावी लागतात आणि त्यांत मनाची खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक असावेच लागते; उरलेली लक्षणे म्हणजे झोप बिघडणे, भूक किंवा वजन बदलणे, थकवा, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थपणा, अपराधी वाटणे, लक्ष न लागणे आणि मरणाचे विचार. साध्या उदासीत जवळचे माणूस भेटले की मन थोडा वेळ तरी खुलते. मेजर डिप्रेशनमध्ये मात्र आवडते गाणेही नुसते कानावरून जाते आणि अंघोळीला उठणे डोंगराएवढे वाटते. अशा व्यक्तीला ‘मन घट्ट कर’ असे कृपया सांगू नये, कारण त्याने तिची अपराधी भावनाच वाढते. तथापि, थायरॉइडच्या विकाराने किंवा काही औषधांनीही अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे, आणि मरणाचे विचार येत असतील तर २ आठवडे मोजत न बसता त्याच दिवशी त्यांना गाठावे.