हंगाम संपला, आता कोच व्हायचंय

प्रश्न : तालमीच्या फुटबॉल संघातून दहा वर्षं हाफला (मधल्या फळीत) खेळलो. गुडघा आता साथ देत नाही. मंडळ म्हणतंय, पुढच्या हंगामाला कोच तूच. मोबाइलवर ऑस्ट्रेलियन फुटबॉल बघतो. तिथले कोचही बहुतेक जुने खेळाडूच. मग लगेच हो म्हणू का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : मुख्य कोच म्हणून लगेच नको.

तो खेळ आपल्याहून निराळा. अंडाकृती मैदान, एका बाजूला 18 खेळाडू, चेंडू हातात घेऊन पळायची मुभा. पण तिथला खेळाडू कोच कसा होतो, हे तुमच्या कामाचं आहे. डेमियन हार्डविक 207 सामने खेळला, एसेंडन (2000) आणि पोर्ट ॲडलेड (2004) या दोन क्लबांकडून विजेता ठरला. एवढं करूनही पुढची पाच वर्षं तो हॉथॉर्नला सहायक होता. 2010 मध्ये रिचमंडचा मुख्य कोच झाला आणि पहिले नऊच्या नऊ सामने हरला. क्लबनं धीर धरला. 2017 ला अजिंक्यपद आलं. क्रेग मॅक्रे ब्रिस्बेनकडून 2001 ते 2003 सलग तीनदा विजेता, तरी कॉलिंगवूडचं मुख्य कोचपद त्याला 2022 च्या हंगामात मिळालं. मधली वर्षं सहायक म्हणून आणि दुय्यम संघ घडवण्यात गेली. उलट ख्रिस फेगन वरच्या पातळीवर एकही सामना खेळला नाही आणि 2024 ला ब्रिस्बेनला जिंकवून गेला.

ही मधली वर्षं लागतात, कारण हाफला खेळताना तुम्ही आपल्या भोवतीचे दहा-पंधरा मीटरच बघता. कोचला चेंडूपासून लांब असलेले खेळाडू दिसावे लागतात. शाहू स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या पायरीवर वही घेऊन बसा. चेंडू अजिबात बघायचा नाही. दर पाच मिनिटांनी एकच नोंद : दोन सेंटर बॅकमध्ये (बचावातल्या मधल्या दोघांत) अंतर किती, आणि त्यांच्या पुढं हाफ किती लांब? पहिले दोन-तीन सामने नजर चेंडूकडंच पळेल. सगळ्यांचंच तसं होतं.

सोबत तेरा वर्षांखालची पोरं घ्या. 10 बाय 10 मीटरचा चौकोन, कडेला चार, आत दोन. कडेचे पास देत राहतात, आतले चेंडू हिसकावायला बघतात. दोन मिनिटं खेळ, मग आतले दोघं बदला. सहा पोरांमागं एक चेंडू हवाच. वीस पोरांत एकच चेंडू असला तर निम्मा वेळ रांगेत जातो. पास कच्चे पडले तर चौकोन 12 मीटरचा करा, फार सोपं झालं तर 8 चा. सूचना अर्ध्या मिनिटात संपवा. जुन्या खेळाडूची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक पासला ‘इकडं दे’ म्हणून ओरडणं. मग पोरगं मान वर करून बघतच नाही, आवाजाची वाट बघतं.

परवान्यांत पहिली पायरी भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना. पुढं सी, बी, ए आणि प्रो. वर्गांच्या तारखा केएसएत (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) विचारा.

मंडळाला सांगा : दोन हंगाम सहायक राहतो, पोरांचा संघ माझ्याकडं द्या. मुख्य कोच व्हाल तेव्हा अकरा कोण निवडणार, हे आधीच कागदावर घ्या. कालचे जोडीदार बाकावर बसवायची वेळ येते, आणि भांडण तिथंच पेटतं.