आठ लाख नव्वद हजार कोटी बाटल्या

प्रश्न : काका, मालवणात आमचं कोकणमेव्याचं दुकान आहे. थोडा माल कंपन्यांचा, बाकी कोकमाचं आगळ, आंबापोळी, कुळीथपीठ बचत गटातल्या बायका आणून देतात. गणपतीच्या आधी सगळा साठा संगणकावर घ्यायचा म्हणून बारकोड स्कॅनर आणला. पण एक्सेलमध्ये १३ आकडी नंबराऐवजी ८.९ आणि पुढे इंग्रजी ई असलं काहीतरी दिसतं. आम्ही छापलेली लेबलं स्कॅन केली तर मराठी अक्षरांचा गोंधळ उमटतो. स्कॅनर परत करू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, परत करू नका, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी दुसरा कीबोर्ड. रेघा वाचतो, आकडे टाइप करतो, शेवटी एंटर मारतो. बस्स. तुमचा कीबोर्ड मराठीवर राहिला असेल, म्हणून लेबलावरची इंग्रजी अक्षरं मराठी होऊन उमटली. स्कॅन करताना इंग्रजीवर ठेवा.

ई-चं कारण वेगळं. एक्सेल त्या नंबराला संख्या समजतं आणि अकराहून जास्त आकडे झाले की आखडून दाखवतं. तशीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची फाइल) करून डेटाबेसमध्ये चढवलीत तर शेवटचे आकडे खरोखरच जातात. सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळतं. म्हणून स्कॅन करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या, डेटाबेसमध्येही तसंच. बारकोडची कोणी बेरीज करत नाही, तो नंबर नसून नाव आहे.

आता माझी फजिती सांगतो. वेंगुर्ल्याला दुकान होतं तेव्हा नग लिहायच्या चौकटीत कर्सर राहिला आणि मी बाटली स्कॅन केली. संध्याकाळी शिल्लक काढली तर आगळाच्या आठ लाख नव्वद हजार कोटी बाटल्या! बायको म्हणाली, एवढ्या ठेवणार कुठे, रेडीच्या बंदरात? त्या दिवसापासून नगाच्या रकान्याला ५००ची मर्यादा घातली. तुम्हीही घाला.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण पुढेच आहे. कंपनीच्या बाटलीवरचा नेहमीचा १३ आकडी बारकोड फक्त वस्तू ओळखतो. त्यात किंमत नसते, मुदतही नसते. मार्चमधली बाटली आणि जुलैमधली बाटली, दोघींचा कोड तोच. म्हणून आवक लिहिताना कोडसोबत बॅच आणि मुदत वेगळी लिहा, नाहीतर जुना माल मागे पडून राहील. (कोडच्या सुरुवातीचे ८९० म्हणजे माल भारतात बनलेला, असं गिऱ्हाइकं सांगतात. तसं नाही, नंबर जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय एवढाच त्याचा अर्थ.)

बचत गटाच्या मालाला मात्र तुम्हीच लेबल लावणार, तेव्हा तिथे मोकळीक आहे. वस्तू, गट, आल्याची तारीख, सगळं कोडमध्येच घाला. ‘कोड १२८’ हा बारकोडचा प्रकार घ्या, त्यात इंग्रजी अक्षरं चालतात, देवनागरी नाही. साधी थर्मल (शाईशिवाय, उष्णतेने छापलेली) लेबलं उन्हात आणि तेलकट हातांनी खराब होतात, काजूच्या पाकिटांवर तर फारच लवकर. शाईच्या रिबनवाला प्रिंटर थोडा महाग पडेल, पण तोच घ्या. आगळाच्या बारीक बाटलीवर लेबल असं लावा की रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या येतील. उभ्या रेघा गोलाईवर वळून जातात आणि स्कॅनर नुसता लाल डोळा दाखवत बसतो.

एकदम सगळं दुकान घेऊ नका. आधी काजूचं एकच कपाट घ्या, आठवडाभर रोज संध्याकाळी हाताने मोजून ताळा करा. आवक न लिहिता माल थेट फळीवर चढला की आकडा चुकतो, आणि गणपतीच्या गर्दीत ते हमखास होतं.