उरलेली एक पिन

प्रश्न : ताई, दोन वर्षं मी दर शनिवारी बोलिंग, म्हणजे बॉलने दहा पिना पाडायचा खेळ, खेळतो. उजव्या हाताने टाकतो, बॉल शेवटी थोडा डावीकडे वळतो. पहिल्या बॉलला आठ-नऊ पिना पडतात, तरी गुण ११५-१२०च्या पुढे सरकत नाहीत. स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) वाढवायला आणखी जोरात टाकू का? तीन गेमचे स्कोअर सोबत पाठवतो आहे. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे दोन बॉलच्या फेरीत, कोणती पिन उरली तेही लिहिलं आहे.

उत्तर : उरलेल्या पिनांची नोंद ठेवलीत, त्यामुळे मला नेमकं बोलता येतंय. तीस फ्रेममध्ये तुमचे चार स्ट्राइक आहेत. अकरा वेळा एकच पिन उभी राहिली आणि त्यातल्या दोनच तुम्ही पाडल्यात. हुकलेल्या नवांपैकी सात वेळा ती दहावी पिन होती, म्हणजे उजवीकडची अगदी कोपऱ्यातली. तुमचे गुण तिथे अडकलेत, स्ट्राइकपाशी नाही.

हिशेब करून बघा. दहाही फ्रेममध्ये पहिल्या बॉलला नऊ पिना पाडल्या आणि उरलेली प्रत्येक वेळी हुकली, तर ९० गुण होतात. तेच नऊ पाडून उरलेली प्रत्येक वेळी पाडली, तर १९०. एकही स्ट्राइक न मारता! स्पेअर झाला, म्हणजे उरलेलं दुसऱ्या बॉलला पाडलं, की पुढच्या बॉलच्या पिनाही त्या फ्रेममध्ये धरल्या जातात, म्हणून त्या एकट्या पिनेचे दहा गुण होतात. तुमच्या त्या नऊ पिना पडल्या असत्या, तर गेममागे साधारण २५ गुण वाढले असते.

आता दहावी पिन. तिचा मध्य गटरच्या, म्हणजे बॉलच्या पट्टीलगतच्या (लेनलगतच्या) खाचेच्या, कडेपासून जेमतेम पावणेतीन इंचांवर असतो, त्यामुळे गटरची धास्ती वाटते आणि हात आपोआप डावीकडे ओढला जातो. पण मापं पाहा : बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिन पोटाशी पावणेपाच इंच. बॉलचा मध्य पिनेच्या मध्यापासून सहा इंच डावीकडे राहिला, तरी बॉल पिनेला लागतो. दुरून वाटते तेवढी ती चिमुकली नाही.

दुसरं कारण तुमचा वळणारा बॉल. लेनच्या पुढच्या भागावर तेल असतं, तिथे बॉल घसरत जातो. शेवटच्या कोरड्या भागात त्याला पकड मिळते आणि तो वळतो. उजव्या हाताने टाकलेला बॉल डावीकडे, म्हणजे नेमका दहाव्या पिनेपासून लांब जातो. म्हणून या एका पिनेसाठी बॉल सरळ टाका. अॅप्रोचवर, म्हणजे बॉल टाकण्याआधी चालायच्या जागेवर, डावीकडे जाऊन उभे राहा, लेनवर काढलेल्या बाणांपैकी मधल्या, म्हणजे चौथ्या बाणावर नजर ठेवा, खांदे तिरके करून पिनेकडे वळवा आणि सोडताना मनगट फिरवू नका. शक्य असेल तर स्पेअरसाठी प्लास्टिकचा बॉल घ्या. तो फारसा वळत नाही.

मी शिकत होते तेव्हा माझ्या प्रशिक्षकांनी सहा आठवडे मला सरावात दुसरं काही टाकूच दिलं नाही. दहा पिना उभ्या असायच्या, पण मी दहाव्या पिनेवरच टाकायचं. इतर पिनांना धक्का लागला तर तो बॉल वाया गेला असं धरायचं. शेजारच्या लेनवर लोक स्ट्राइक मारून टाळ्या देत असायचे आणि मला रडू यायचं. पण त्यानंतर कोपऱ्यातली पिन उरली की पोटात गोळा येणं थांबलं. तुम्हीही हेच करा. शनिवारचे पहिले वीस बॉल तिच्यासाठी ठेवा आणि किती लागले ते वहीत लिहा.

डावीकडच्या पिनांसाठी तीन-सहा-नऊ ही जुनी युक्ती पुरते. स्ट्राइकला ज्या बाणावरून बॉल नेता, तोच बाण ठेवायचा. दुसरी पिन उरली तर उभं राहण्याची जागा तीन फळ्या (जमिनीच्या अरुंद लाकडी पट्ट्या) उजवीकडे, चौथी उरली तर सहा, सातवी उरली तर नऊ. बाण फाऊल लाईनपासून (जी ओलांडायची नसते त्या रेघेपासून) साधारण पंधरा फुटांवर, हेड पिन, म्हणजे सर्वांत पुढची पहिली पिन, साठ फुटांवर; कात्रीच्या खिळ्यासारखा तो बाण जागेवर राहतो, पाय उजवीकडे सरकले की बॉलच्या वाटेचं पुढचं टोक डावीकडे जातं. चालताना मात्र पाय आणि खांदे त्या बाणाच्याच दिशेने ठेवा.

आणि जोर? जोरात टाकलेला बॉल कोरड्या भागात वळायच्या आतच पिनांवर पोचतो. चांगल्या स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी अशा चारच पिनांना लागतो, बाकीच्या पिना एकमेकींना पाडतात. तिसरी सहावीला आणि सहावी दहावीला. असा न वळलेला बॉल कमी कोनात आत शिरला की सहावी पिन दहावीच्या पुढून गटरात जाऊन पडते आणि दहावी तशीच उभी. तुमच्याकडे ती इतक्यांदा का उरते, त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

प्रश्न : दोन गेम झाले की माझा अंगठा सुजतो. केंद्रावरचा चौदा पौंडांचा बॉल घेते.

उत्तर : तुम्ही बॉल अंगठ्याने आवळून धरत असणार. भोक सैल असलं की असं होतंच. अंगठा पूर्ण आत घाला आणि मधली दोन बोटं बॉलवर सपाट ठेवा : बोटांच्या दुसऱ्या पेऱ्याची रेघ भोकाच्या जवळच्या कडेच्या किंचित पुढे यायला हवी. तशी येत नसेल तर दुसरा बॉल शोधा, रंग-बिंग बघू नका. वजन अकरा-बारा पौंडांवर आणा. हात फक्त लंबकासारखा झुलू द्या, बॉल उचलून फेकू नका. सूज दुसऱ्या दिवशीही राहिली तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा दोन्ही हातांनी बॉल टाकतो. लोक म्हणतात, ही सवय मोडा.

उत्तर : मोडू नका. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटे असाच दोन्ही हातांनी खेळतो, आणि व्यावसायिक बोलिंगमध्ये त्याने मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांची, १५ विजेतेपदं मिळवली आहेत. लहानपणी बॉल जड वाटायचा म्हणून त्याने दोन हात लावले होते. तुमच्या मुलाची पाठ वाकताना गोल होते का, तेवढं पाहा. वाकायचं ते कमरेतून आणि गुडघ्यातून. आधाराचा हात बॉल सुटण्याच्या क्षणापर्यंत बॉलवरच राहायला हवा. तो आधीच सुटत असेल तर बॉल त्याला जड होतोय, एक-दोन पौंड कमी करा.