निबंध अमेरिकेत, प्रश्न ऐरोलीत

प्रश्न: माझी मुलगी अकरावी आर्ट्सला आहे. ‘समता आणि भेदभाव’ या विषयावर तिने निबंध स्पर्धेत भाग घेतला, पण नंबर आला नाही. परीक्षकांचा शेरा होता, ‘निबंध नाही, भाषण झालं.’ तिला पुढे याच विषयात काहीतरी करायचंय. यात करिअर असतं का? निबंध सोबत पाठवत आहे.
– एक आई, ऐरोली

उत्तर: ताई, निबंध वाचला. शेरा कडक असला तरी खोटा नाही. मार्टिन ल्यूथर किंग, मंडेला, फुले, आंबेडकर सगळे हजेरी लावून जातात, पण काय केलं ते कोणाचंच कळत नाही. मात्र तिसऱ्या पानावर एक ओळ आहे. तुम्ही भाड्याने घर शोधत होतात, तेव्हा ब्रोकरने आधी आडनाव विचारलं, मग ‘नॉनव्हेज खाता का?’, आणि नंतर त्याने फोन उचललाच नाही. एवढं लिहून ती लगेच ‘आपण सर्वांनी एकत्र यायला हवं’कडे वळली! निबंध त्या ओळीत होता.

आता तिला एवढंच विचारा: ब्रोकर वागला ते बेकायदा होतं का?

शोधायला लागली की ती गुंतेल. राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते अशी यादी आहे; तिथे धर्म, जात वगैरे कारणांवरून कोणाला अडवता येत नाही. विहिरी-तलाव तिथे का आले, हे 1927 चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह वाचला की उमगतं. त्या तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला 1937 उजाडलं. पण त्या यादीत राहतं घर नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला एखाद्या वस्तीत घर घ्यायला किंवा राहायला अडवलं, तर 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. धर्म किंवा ताटातलं मटण हे कारण असेल तर? 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली. आणि किंग हवेच असतील तर एक वाक्य पुरे: 4 एप्रिल 1968 ला त्यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात, 11 एप्रिलला, घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, धर्म पाहायला बंदी करणाऱ्या अमेरिकी कायद्यावर सही झाली.

हे शोधताना ती कशात रमते, तिकडे लक्ष ठेवा. निकालपत्र वाचताना जेवायचं विसरली तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा लॉ. त्यासाठी एमएच सीईटी लॉ किंवा क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, आर्ट्स चालतं. ब्रोकर आणि शेजाऱ्यांशी बोलण्यात जास्त मजा आली तर समाजशास्त्र, पत्रकारिता किंवा समाजकार्य. पदवीनंतर देवनारची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहेच. आणि लिहिण्याचीच ओढ असेल तर यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर 250 गुणांचा असतो, हे कानावर घालून ठेवा.

पैशाचं स्पष्ट सांगते. नव्या वकिलाची पहिली काही वर्षं ओढाताणीचीच जातात, घरचा आधार लागतो. ‘मानवी हक्क’ नावाच्या छोट्या सर्टिफिकेट कोर्सवर मात्र आत्ता पैसे घालू नका.

निबंध पुन्हा लिहायला सांगा, दोन पानांत. ‘आपण सर्वांनी’ हे शब्द एकदाही नकोत. झाला की पाठवा, मी वाचेन.