छायाचित्रांतून उभी राहणारी शहरे : फ्लाइट सिम्युलेटरविषयी वाचकांचे प्रश्न

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवल्याचा अनुभव देणाऱ्या प्रणालीत, दिसणारी हुबेहूब शहरे हवाई छायाचित्रांपासून कशी तयार होतात, याविषयी वाचकांकडून बरेच प्रश्न आले आहेत. त्यांपैकी एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : विमानातून काढलेले छायाचित्र सपाट असते. मग त्यावरून इमारतीची उंची कशी कळते? त्यासाठी लेझर वापरावा लागत नाही का?

उत्तर : एका छायाचित्रावरून उंची कळत नाही, पण तोच भाग वेगवेगळ्या जागांवरून टिपलेला असेल तर ती नेमकी काढता येते. विमान पुढे सरकते तेव्हा कॅमेऱ्याला जवळ असलेली वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा छायाचित्रात अधिक सरकलेली दिसते. उंच इमारतीचे छत जमिनीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असल्यामुळे ते जास्त सरकते, आणि या दोन सरकण्यांतील फरकातच उंची दडलेली असते.

हे आकड्यांत पाहू. विमान जमिनीपासून १००० मीटरवर आहे, भिंगाचे नाभीय अंतर १०० मिलिमीटर आहे आणि कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा आहे असे धरले, तर जमिनीवरचे ४ सेंटिमीटर एका पिक्सेलमध्ये मावतात. आता एकमेकांपासून ४०० मीटर अंतरावरच्या जागांवरून काढलेली दोन छायाचित्रे तुलनेसाठी घेतली, तर ५० मीटर उंच इमारतीचे छत तिच्या पायथ्यापेक्षा सुमारे ५२५ पिक्सेल अधिक सरकलेले आढळते. या मांडणीत बिंदू जुळवताना एका पिक्सेलची चूक झाली, तर उंचीत साधारण १० सेंटिमीटरचा फरक पडतो. तीच दोन छायाचित्रे एकमेकांपासून १०० मीटरवरच्या जागांवरून काढलेली असतील, तर तेवढ्याच चुकीने उंची सुमारे ४० सेंटिमीटरने बिघडते. म्हणजे उंचीसाठी छायाचित्रांमधले अंतर जास्त असलेले बरे. पण अंतर वाढले की तीच भिंत दोन छायाचित्रांत इतकी निराळी दिसू लागते की बिंदू जुळवणेच अवघड होते. यावर उपाय म्हणून छायाचित्रे भरपूर आणि एकमेकांवर चढलेली घेतात. पारंपरिक नकाशांसाठी लागोपाठच्या छायाचित्रांत ६० टक्के भाग समान असला तरी चालत असे. त्रिमितीय शहरांसाठी तो ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, आणि त्यामुळे एकाच पट्ट्यात, म्हणजे विमानाच्या एका सरळ फेरीत, प्रत्येक बिंदू पाच वेळा टिपला जातो.

यापुढचे काम संगणकाचे. प्रत्येक छायाचित्रातले हजारो ठळक बिंदू शोधून ते इतर छायाचित्रांत कुठे आहेत हे तो पाहतो, आणि त्या सर्व जोड्यांशी सुसंगत ठरतील अशा रीतीने प्रत्येक छायाचित्राच्या क्षणी कॅमेरा कुठे होता व कोणत्या दिशेला वळला होता याचे गणित एकत्रच सोडवतो. विमानातील जीपीएस आणि विमानाचे वळणे व हलणे मोजणारी जडत्वमापक उपकरणे सुरुवातीचा अंदाज पुरवतात. कॅमेऱ्यांच्या जागा पक्क्या झाल्यावर जवळपास प्रत्येक पिक्सेलची खोली काढली जाते, त्यातून कोट्यवधी बिंदूंचा ढग तयार होतो, ते बिंदू त्रिकोणांनी जोडून मेश बनतो आणि शेवटी त्याच छायाचित्रांतले रंग त्या मेशवर चढवले जातात. सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला भिंती नीट दिसत नाहीत, म्हणून शहरांच्या मोजणीत बहुधा पाच कॅमेऱ्यांची जोडणी वापरतात : एक खाली पाहणारा आणि चार चारही दिशांना तिरके पाहणारे.

लेझरचा उपयोग जरूर होतो, विशेषतः झाडांखालची जमीन हवी असेल तेव्हा; पण रंग छायाचित्रांतूनच मिळतो आणि भिंतीसुद्धा तिरक्या छायाचित्रांतून चांगल्या मिळतात, म्हणून शहरांसाठी एकट्या छायाचित्रांवरही भागते. मूळ कल्पना मात्र संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. जर्मनीतील अल्ब्रेख्ट मायडेनबाउअर १८५८ साली वेट्झलार येथील कॅथेड्रलचे मोजमाप करताना उंचावरून पडता पडता वाचले, आणि भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रावरूनच इमारत मोजावी या विचाराने त्यांनी पुढचे आयुष्य त्याच कामाला दिले.

प्रश्न : उंचावरून शहर अगदी खरे वाटते, पण विमान खाली आणले की झाडे गोळ्यांसारखी, मोटारी वितळल्यासारख्या आणि पुलांखालचा भाग बुजलेला दिसतो. माझा संगणक कमी पडतो आहे का?

उत्तर : दोष आपल्या संगणकाचा नाही. या पद्धतीतून मिळतो तो केवळ एक पृष्ठभाग. त्यात वस्तू अशा वेगळ्या नसतात. संपूर्ण शहरावर एकच ओली चादर पसरून ती सगळीकडे चिकटवावी, तसा तो मेश असतो. झाड, मोटार, रस्ता आणि भिंत हे सर्व त्याच्या लेखी सलग त्रिकोणच. आपल्या प्रश्नातल्या तिन्ही तक्रारींचे मूळ येथेच आहे.

झाडाचे पाहा. दोन छायाचित्रांमधल्या काही सेकंदांत पाने वाऱ्याने हललेली असतात, पानांच्या फटींतून कधी जमीन दिसते तर कधी फांदी, आणि सगळी पाने एकमेकांसारखीच असल्यामुळे कोणते पान कोणत्या पानाशी जुळवायचे हे ठरत नाही. संगणक मग सरासरी काढतो आणि हिरवा गोळा शिल्लक राहतो. चालत्या मोटारी प्रत्येक छायाचित्रात निराळ्या जागी असल्याने त्या बहुधा गळतात, किंवा रस्त्यावर रंगाचा पुसट डाग उरतो. उभ्या मोटारी मात्र रस्त्याला फुगवटा आल्यासारख्या दिसतात. पुलाखालचा भाग वरून दिसतच नाही, म्हणून कठड्यापासून पाण्यापर्यंत मेश सरळ पडदा ओढतो. विजेच्या तारा, क्रेनचे हात, दिव्यांचे खांब हे इतके बारीक असतात की ते बहुतेक नाहीसेच होतात. काचेच्या इमारतीत प्रत्येक कोनातून वेगळे प्रतिबिंब दिसते आणि पाण्याची लाट क्षणभरही एका जागी थांबत नाही. या दोन्हींवर जुळवण्याजोगा स्थिर बिंदू सापडत नाही, म्हणून काचेला खड्डे पडतात आणि नदीला टेकड्या येतात.

निर्मात्यांचा उपाय म्हणजे मेशमधून हे भाग कापून काढणे आणि त्यांच्या जागी ओळखीच्या वस्तू बसवणे. पाण्याचा पृष्ठभाग सपाट करून त्यावर सिम्युलेटरचे स्वतःचे पाणी घालतात, झाडे ओळखून त्यांच्या जागी तयार झाडे उभी करतात आणि महत्त्वाचे पूल हाताने रेखतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि शहरागणिक नव्याने करावे लागते, त्यामुळे एका शहरात ते उत्तम झालेले आणि दुसऱ्यात अर्धवट राहिलेले दिसले तर नवल नाही. तीनशे मीटरवरून पाहिले तर मेश जिंकतो आणि पन्नास मीटरवरून पाहिले तर हाताने केलेले काम जिंकते, असे आमचे मत आहे.

प्रश्न : मग सगळे जगच असे छायाचित्रांतून का उभे केले जात नाही?

उत्तर : कारण तिरक्या छायाचित्रांसाठी प्रत्येक शहरावर विमानाने जवळजवळच्या पट्ट्यांत फेऱ्या माराव्या लागतात, आणि हे खर्चाचे व परवानग्यांचे काम आहे. ऑगस्ट २०२० मध्ये बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये निवडक शहरांपुरतीच फोटोग्रामेट्री, म्हणजे वर सांगितलेली छायाचित्रांवरून मोजण्याची पद्धत, वापरली होती. उरलेल्या जगासाठी, ऑस्ट्रियातील ब्लॅकशार्क या कंपनीने सरळ वरून घेतलेल्या छायाचित्रांतून छतांचे आकार ओळखून त्यावरून सुमारे १५० कोटी इमारती आपोआप उभ्या केल्या. अशा इमारतींचे मजले, खिडक्या आणि भिंतींचे रंग हे अंदाजच असतात.

असा अंदाज ज्या नोंदीवर बेतलेला असतो ती नोंदच चुकली की काय होते, हे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या एका उपनगरात दिसले. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कोणीतरी एका साध्या इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ असे टंकले होते. सिम्युलेटरने तो आकडा प्रमाण मानला आणि बैठ्या घरांमध्ये एक अरुंद, गगनाला भिडणारा मनोरा उभा राहिला. फोटोग्रामेट्रीत अशी चूक होत नाही, कारण तेथे उंची मोजलेली असते, नोंदलेली नसते.

प्रश्न : संध्याकाळच्या उड्डाणात इमारतींच्या सावल्या दोन दिशांना का पडतात?

उत्तर : त्यांतली एक सावली सिम्युलेटरच्या सूर्याची असते आणि दुसरी छायाचित्र काढले त्या वेळच्या सूर्याची. ही दुसरी सावली रंगाचाच भाग होऊन मेशला चिकटलेली असते. छायाचित्राची तारीख आणि वेळ ठाऊक असते, त्यावरून सूर्य कुठे होता हे काढून सावलीचा भाग उजळता येतो, परंतु गडद सावलीत मुळात तपशीलच कमी टिपलेला असल्याने तेथे धुरकट ठिगळ राहते. सारख्या ढगाळ आकाशाखाली, ढगांच्या खालून, छायाचित्रण केले तर हा प्रश्न बराच सुटतो. रात्रीचा प्रश्न याहून चिवट आहे : खिडकी कुठे आहे हे मेशला माहीत नसल्यामुळे तिच्यात दिवा लावता येत नाही.

प्रश्न : आमच्या हौशी गटाला एका छोट्या धावपट्टीचे दृश्य ड्रोनने छायाचित्रे घेऊन तयार करायचे आहे. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : सुरुवात परवानगीपासून करावी. धावपट्टीजवळ ड्रोन उडवण्यासाठी विमान वाहतूक प्राधिकरणाची आणि धावपट्टी चालवणाऱ्यांची लेखी संमती लागते, आणि तेथे वाहतूक चालू असेल तर ती मिळेलच असे नाही. काही जण ही खटपट टाळण्यासाठी इंटरनेटवरील नकाशासेवांमधून तयार त्रिमितीय तुकडे उचलतात. तो सरळसरळ परवान्याचा भंग आहे आणि असे काम वाटले गेले तर ते काढून टाकण्याची पाळी येते.

उड्डाण करताना कॅमेऱ्याचे एक्स्पोजर आणि रंगसंतुलन हाताने ठरवून तसेच ठेवावे, नाहीतर शेजारशेजारची छते वेगवेगळ्या छटांची दिसतात. आधी सरळ खाली पाहत जाळीसारख्या समांतर फेऱ्या घ्याव्यात, मग त्याच भागावर कॅमेरा तिरका करून चारही दिशांनी. छायाचित्रांवर प्रक्रिया करण्यासाठी मेटाशेपसारखी विकतची किंवा ओपनड्रोनमॅपसारखी मोफत प्रणाली चालते, आणि मेश स्वच्छ करण्यासाठी ब्लेंडर ही त्रिमितीय आकृत्यांची संगणकप्रणाली पुरेशी आहे.

धावपट्टीचा पृष्ठभाग मात्र मेशमधून घेऊ नये. त्यातील काही सेंटिमीटरचे चढउतार डोळ्यांना दिसत नाहीत, पण सिम्युलेटरमधील चाके ते प्रामाणिकपणे जाणवून देतात आणि विमान धावताना उसळू लागते. धावपट्टीचा भाग कापून टाकावा, जमीन सपाट किंवा हलक्या उताराची करून घ्यावी, त्यावर वरून घेतलेले सपाट छायाचित्र पसरावे आणि पांढऱ्या खुणा नव्याने रेखाव्यात. मेश ठेवायचा तो हँगर, कुंपण आणि आसपासच्या घरांसाठी.

शेवटची अडचण उंचीच्या मोजणीची. जीपीएस जी उंची मूलतः मोजतो ती पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळाकार आकारापासूनची असते, तर विमानतळाची अधिकृत उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. या दोन मापांतला फरक जागेनुसार बदलतो आणि काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत जातो. ड्रोन यांपैकी कोणते माप नोंदतो हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे, आणि जमिनीवर ठळक खुणा ठेवून त्यांची जागा व उंची वेगळी मोजून घ्यावी. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आणि मध्याच्या दोन्ही बाजूंना अशा खुणा असल्या, तर मॉडेल हवेत तरंगते आहे की जमिनीत रुतले आहे हे पहिल्याच चाचणीत कळते आणि चूक नेमकी किती मीटरची आहे तेही समजते.