मोफत, फुकट आणि खिरापत

एका वाचकांचा प्रश्न आहे. घरी वर्तमानपत्र वाचताना ‘पाच लाखांपर्यंत मोफत उपचार’ अशा मथळ्यावरून वाद झाला. त्यांचे थोरले बंधू म्हणाले, “मोफत कशाला, सरळ ‘फुकट उपचारांची खैरात’ म्हणा.” प्रश्न असे: मोफत आणि फुकट यांत काही फरक आहे का? ‘निःशुल्क’ हिंदीतून आला आहे का? आणि राजकारणातल्या ‘रेवडी’ला मराठीत ‘खिरापत’ म्हटले तर चालेल का?

फरक आहे, आणि चांगलाच आहे. ‘मोफत’ फारसी ‘मुफ्त’वरून आला, आला तसा सभ्यपणे एका कोपऱ्यात बसून राहिला. ‘फुकट’ने मात्र मराठीत संसार थाटला. फुकट्या, फुकटेगिरी, फुकटचंबू, फुकट फौजदार ही सगळी त्याची पिलावळ. ‘मोफत्या’ म्हणून कोणी कोणाला हिणवल्याचे मी तरी ऐकलेले नाही. शिवाय फुकटला दुसरा अर्थही चिकटलेला आहे: वाया जाणे. हेलपाटा फुकट जातो, मेहनत फुकट जाते, पोराच्या शिकवणीचे पैसे फुकट जातात. ‘आजचा दिवस मोफत गेला’ असे कोणी म्हणत नाही. म्हणून ‘फुकट उपचार’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या कानात घेणाऱ्याची लाचारी आणि देणाऱ्याचे नुकसान दोन्ही वाजतात. मोफतमध्ये एवढेच कळते की घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत.

हा तुच्छतेचा रंग पहिल्यापासून होता असेही नाही. जेवणाआधी म्हणायच्या श्लोकातले ‘नाम घेता फुकाचे’ आठवा. तिथल्या ‘फुकाचे’मध्ये कसलाही हिणकसपणा नाही, उलट ‘पैसा लागत नाही, मग घ्या की नाव’ असा जिव्हाळा आहे.

आमच्या मावशीने एकदा हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात वापरले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जायची. पहाटेची एसटी, आठ वाजता केसपेपरची रांग. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर, दुसऱ्या खेपेला साखर वाढलेली, तिसऱ्या खेपेला काम झाले. शेजारीण विचारायला आली, “फुकटात झालं म्हणे?” मावशी म्हणाली, “आप्रेशनाला पैका लागला नाही गं, पण दोन हेलपाटे फुकट गेले त्याचं काय?” कोशकारांनी उदाहरण म्हणून उचलावे असे वाक्य.

आता निःशुल्क. हिंदीने तो भरपूर वापरला म्हणून आपल्याला परका वाटतो, एवढेच. घटक दोन्ही संस्कृत आहेत आणि परीक्षा शुल्क, प्रवेश शुल्क आपण रोज लिहितो. पण त्याला मोफतचा जुळा भाऊ समजू नये. जिथे शुल्क आकारलेच जात नाही ते निःशुल्क. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचारांचे पैसे घेणे बंद झाले. तिथे हा शब्द नेमका बसतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे तसे नाही. तिथे रुग्णालय प्रत्येक शस्त्रक्रियेचा ठरलेला दर लावते, आधी मंजुरी घेते, नंतर पैशांसाठी क्लेम, म्हणजे दावा, पाठवते. शुल्क आहे, भरणारा वेगळा आहे. म्हणून तिथले उपचार रुग्णासाठी मोफत आहेत, निःशुल्क नाहीत. जाहिराती लिहिणाऱ्यांनी हा भेद पाळला तर रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी होणारे निम्मे गैरसमज टळतील.

ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. सुरुवातीपासून वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण होते. जुलै २०२३च्या शासन निर्णयाने ते पाच लाखांवर नेले आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांची अटही काढली. बातम्यांतला ‘पाच लाख’ हा तिथला. त्यात आणखी एक गंमत. योजना विमा पद्धतीने चालते तेव्हा बातमीत येते, ‘सरकार विमा कंपनीला हप्ता देते’. हप्ता म्हणजे मुळात सात दिवसांचा आठवडा. त्यावरून ठरलेल्या मुदतीने द्यायची रक्कम, आणि त्यावरून टपरीवाल्याकडून वसूल होतो तोही. मथळ्यात ‘विम्याचा हप्ता’ एवढे पूर्ण लिहिलेले बरे.

बंधूंच्या ‘खैरात’कडे वळतो, कारण खरा वाद तिथेच आहे. ‘खैर’ म्हणजे भले, कल्याण. ‘आता तुझी खैर नाही’ यातला खैर तोच. खैरात हे अरबीतले त्याचे अनेकवचन: सत्कृत्ये, दानधर्म. मराठीत येता येता शब्द घसरला आणि आज खैरात म्हणजे आगापिछा न बघता केलेले वाटप. पण घसरूनही त्याची एक अट सुटलेली नाही. खैरात करणाऱ्याचा माल त्याचा स्वतःचा असावा लागतो. दुसऱ्याच्या मालावर उदार होणाऱ्यांसाठी आपल्याकडे वेगळी सोय आहे: ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’, किंवा ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’. सरकारी खर्चावर टीकाच करायची तर या म्हणी जास्त नेमक्या आहेत. त्यांचा टोला देणाऱ्याला बसतो. ‘फुकट उपचारांची खैरात’ म्हटले की तो खाटेवर झोपलेल्या माणसाला बसतो.

सरकार मालक नाही हे अर्थसंकल्पाची भाषाच सांगते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे खर्चाचे अंदाज विधानसभेपुढे येतात ते ‘अनुदानाच्या मागण्या’ म्हणून. अधिवेशनाच्या बातम्यांत ‘पुरवणी मागण्या’ येतात त्याही याच जातीच्या. तिथे मागणारे सरकार असते आणि देणारी विधानसभा. ज्याने स्वतः हात पसरून पैसे घेतले त्याने बाहेर येऊन ‘आम्ही दिले’ म्हणायचे, आणि विरोधकांनी त्याला ‘खैरात’ म्हणायचे. दोघेही त्याला मालक ठरवून बसतात. शिवाय अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांत धरतो. कर्तव्य कमी पडले, चुकीचे पार पडले, महागात पडले असे म्हणता येते. कर्तव्याची खैरात होत नाही.

याच्याच शेजारचा शब्द ‘बोजा’. ‘तिजोरीवर बोजा’ हा आरोग्याच्या बातमीत हमखास असतो, उड्डाणपुलाच्या बातमीत क्वचित. पूल झाला की ‘विकासकामांसाठी तरतूद’, डायलिसिस झाले की ‘बोजा’. शेतकऱ्याला सातबाऱ्यावर चढलेला बोजा माहीत असतो, तो उतरवल्याशिवाय झोप लागत नाही. तो शब्द उपचारांना लावताना निदान सगळ्याच खर्चांना लावावा.

रेवडी. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती महामार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘रेवडी कल्चर’वर टीका केली आणि शब्द देशभर झाला. त्यामागे हिंदीतली म्हण आहे: आंधळा रेवड्या वाटतो आणि फिरून फिरून आपल्याच माणसांना देतो. म्हणजे तिथला डंख पक्षपाताचा. आपली खिरापत याच्या उलट. आरतीनंतर खोबरे-साखर वाटतात तेव्हा हात पुढे करील त्याला मिळते, आरती अर्धी झाल्यावर आलेल्यालासुद्धा. भोंडल्यात तर ती आधी ओळखावी लागते, पण ओळखता आली नाही म्हणून कोणाला उपाशी परत पाठवत नाहीत. खिरापतीतला टोमणा ‘पात्र-अपात्र न बघता वाटली’ असा आहे. तेव्हा जी योजना सगळ्यांना लागू झाली तिच्यावर टीका करणाऱ्याने खिरापत म्हणावे, शब्द निदान गुन्ह्याशी जुळतो. निवडणूक बघून ठरावीक गटाला दिले असा आरोप असेल तर खिरापत चालणार नाही. आणि रेवडी मराठीत घ्यायची तर एक अडचण आहे: आपल्याकडे ‘रेवडी उडवणे’ म्हणजे टर उडवणे. ‘विरोधकांनी सरकारच्या रेवडीची रेवडी उडवली’ असे वाक्य एखादा उपसंपादक रात्री अकरा वाजता लिहून जाईल, हे मी आताच सांगून ठेवतो.

प्रश्नात नव्हते, पण अशा चर्चेत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जाणारे चार शब्द इथेच सोडवून घेऊ. उधळपट्टीत मंजुरी असते, अक्कल नसते. (घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरायची आणि उधळपट्टी त्यांनी करायची, ही कोटी जुनीच.) निष्फळ खर्च हा लेखापरीक्षकांचा शब्द: सोनोग्राफीचे यंत्र आणले, चालवणारा नेमलाच नाही, यंत्र प्लास्टिकसकट धूळ खात पडले. कोणाच्या खिशात काही गेले नसेल, तरी पैसा गेलाच. अनियमितता म्हणजे नियमाला सोडून झालेले काम, हेतू कोणताही असो. अपहार म्हणजे खिशात गेला. वर्तमानपत्रे या चारींना ‘घोटाळा’ म्हणून मोकळी होतात.

केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आला तेव्हा हेच झाले. सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल क्रमांकावर असल्याचे त्यात निघाले. दहा वेळा नऊ. सरकारचे म्हणणे, ओळख पटवायला मोबाईल क्रमांक लागतच नाही. कारकुनाने रकाना रिकामा सोडता येईना म्हणून बोट एकाच कळीवर दाबून ठेवले असेल, तर ती अनियमितता. त्या आडून खोटी माणसे घुसवून क्लेम उचलले असतील, तर अपहार. नुसत्या आकड्यावरून दोन्ही ठरत नाही, आणि म्हणूनच शब्द जपून निवडायचा.

‘लाभार्थी’ही मला खटकतो. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा: विद्यार्थी, परीक्षार्थी, शरणार्थी. हृदयाला छिद्र असलेल्या पाच वर्षांच्या मुलीने कसल्या लाभाची इच्छा धरली? रुग्णालयात ‘रुग्ण’ हा शब्द पुरतो, कागदावरही.

तेव्हा तुमच्या घरचा मथळा जसा आहे तसा ठेवा, मोफतच बरोबर आहे. आणि तुम्ही पत्रात निःशुल्क लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकला आहे, मध्ये जागा सोडून. त्यामुळे ओळ तिथेच तुटली आणि ‘शुल्क’ एकटेच खाली आले; फलकावर असे झाले तर लोक पैसे काढून रांगेत उभे राहतील.